पोटातला पंप

पवनेकाठचा क्लब बंद पडला, तेव्हा घेतली.
एकोणीस वर्षांची, सात जण बसतील एवढी,
एका गादीवर सिगारेटचं भोक.
टेंपोमागं ट्रॉली बांधून ढोरकीनच्या चौकात आणली
तर पानटपरीवरून कुणी तरी ओरडलं,
"मिरवणूक कुणाची हो?"

मी मोटारी भरतो. बोअरच्या, विहिरीच्या.
तांब्याच्या तारेनं बोटांना पडलेले चरे आता भरत नाहीत.
हिला बाहेर पंखाच नाही, हे बघून
मी आडवा झालो, खालच्या जाळीत हात घातला,
आणि ओळख पटली:
अरे, ही नाव कुठली, हा तर पंप!
आपल्याकडचे पाणी वर आणतात,
हा पाणी मागं फेकतो अन् स्वतः पुढं जातो.
एवढाच फरक. किमतीचं विचारू नका.

"सात माणसं आहेत का घरात?" वत्सला म्हणाली.
चार होतो. म्हशीला धरून पाच.

हिवाळा तिचा. नाथसागर काठोकाठ,
रविवारी भाकरी, ठेचा, ताकाची बरणी,
पेट्रोल मोजून.
एकदा कचरूचं जाळंच ओढून घेतलं तिनं.
शाफ्टला नायलॉनचे वेढे, आत एक चिलापी, जिवंत.
विळतीनं कापत बसलो सांज होईतो.
जाळ्याचे पैसे कचरूनं मोजून घेतले,
खिशात घातले, खिसा थोपटला,
आणि मगच दाखवलं
कुठं बाभळीचे खुंट आहेत, कुठं बुडालेल्या वेशीचा चिरा.

उन्हाळ्यात पाणी दीड कोस लांब जातं.
बॅटरी घरात, कोनाड्यात.
ताडपत्रीखाली उंदरानं वायर कुरतडली
ती नेमकी इंधनाच्या काट्याची;
तेव्हापासून टाकी कायम अर्धी दाखवते.

मग ते टँकरचं वर्ष.
जब्बारभाईनं फोनवर बजावलं होतं:
महिन्यातून एकदा इंजिन फिरव, नाही तर सील धरतील.
कोरडं फिरवू नको, जळेल.
म्हणजे पाणी. दोन बादल्या.
मी मागितल्या नाहीत. कोणत्या तोंडानं मागणार?
पोरगी रांगेत हंड्यावर बसून भूगोल वाचायची.

चौथ्या दिवशी ट्रॉलीपाशी दोन बादल्या उभ्या.
भांडी विसळलेलं, जुन्या लुगड्यातून दोनदा गाळलेलं.
"साबण नाही त्यात," वत्सला म्हणाली.
"तांदळाचं वेगळं ठेवलंय, ते म्हशीचं."
चाळीस सेकंद चाललं इंजिन.
आख्खी गल्ली दणाणली, शेजारचा पिंटू पळत आला.
मागून कढत पाणी पडलं
तेव्हा तिनं खाली घमेलं धरलेलं होतं.
ते निवल्यावर कढीपत्त्याला.

पुढच्या भादव्यात धरण भरलं.
तरी आम्ही थांबलो; गढूळ पाणी पंपाची पाती खातं.
खंडेनवमीला पान्यांबरोबर तिलाही हळदकुंकू,
जाळीत हात घालून, चाचपडत.

दिवाळीनंतर रेणुका म्हणाली, मी चालवते.
चौदा वर्षांची. सांगितलं तिला:
हिला सुकाणू नाही, धारेवरच वळते.
भ्यालीस आणि रेस सोडलीस, तर सरळ जाशील.
कळलं, म्हणाली. अशा वयातलं कळलं.

वेशीच्या अलीकडं खुंट आला समोर.
मीच ओरडलो, "सोड! सोड!"
तिनं दाबलं.
बोट कलली, वळली.
खुंटावर पाणकावळा पंख वाळवत होता,
तो उडालासुद्धा नाही.

ताक मात्र सगळं सांडलं.
पुसायला म्हणून वत्सला वाकली,
चहूकडं पाणीच पाणी,
तिनं बादली बुडवली, भरून वर घेतली,
आणि अर्धी परत ओतली.